डोमाजीले फिट भेटली

कपड्याची फिटिंग पाहाची असन तं अमरावतीच्या राजापेठेत या अन् नत्थू टेलरचं दुकान इचारा, कोनीबी दाखवन. पन डोमाजीच्या लग्नातल्या कोटाची गोष्ट दुसऱ्या कोनाले इचारू नका. लोकं खोटं सांगतात. तो कोट बरोबरच होता.

डोमाजी माह्या दुकानामांगच्या गल्लीत राहे. बाप लवकर गेला. माय चतुराबाईनं लोकाईच्या वावरात कापूस येचून पोराले वाढवलं. पोट्टा पह्यलेपासून उपद्व्यापी. एकदा मी जेवाले गेलो तं यानं माही शिलाई मशीन खोलली, पुन्हा जोडली, अन् उरलेले इस्क्रू माह्या हातावर ठेवून म्हने, "नत्थूभाऊ, हे कंपनीनं फालतूच लावले होते." मशीन अजून चालू हाय, म्हनून त्याले जास्त बोलता येत नाई. पुढं तो अकोल्याले जिनिंगात फिटर लागला. मी मानसाले कपडा फिट करो, तो मशीनले पुरजा फिट करे. फरक एवढाच का मशीन कधी म्हनत नाई, काखेत आवळते.

पोट्टा हाताचा हुशार, पन तोंडाचा मुका. मोठ्या मानसापुढं बसवला का बाप्पा, जीभ टाळूले चिकटलीच समजा.

बासष्टच्या सालात त्याचं लग्न ठरलं. पोरगी अचलपूरची, शेषरावची ललिता. शेषराव म्हंजे मोठा भाषनबाज मानूस. छप्पनच्या दीक्षेनंतर त्यानं घरातला देव्हारा मोडून त्याची पुस्तकं ठेवाची मांडनी केली होती. कोनत्याबी सभेत उठून सांगे, "नजर लागनं खोटं, करनी खोटी, मिरगीवाल्याले जोडा सुंगवनं खोटं! डोकं वापरा!" टाळ्या वाजत. त्याची एकच अट होती: लग्नाआंदी जावई सरकारी नोकरीत लागला पायजे.

ललितानं तं पाहनीतच डोमाजीले उभा चिरला. इचारलं, "तुमाले काय येते?" हा बिचारा म्हने, "बिघडलेलं दुरुस्त करता येते." ललिता म्हने, "बरं झालं. मले बिघडवता येते." त्या दिवसापासून पोट्टा कामातून गेला. जिनिंगातला पट्टा तुटला तरी हा हसे.

अमरावतीच्या सरकारी वर्कशॉपात फिटरची जागा निंगाली. डोमाजीची निवड झाली, फक्त डॉक्टरची तपासनी राहली होती. डॉक्टरनं छाती ठोकली, जीभ पाह्यली, डोळ्यात बॅटरी मारली, अन् म्हनलं, "फिट." डोमाजी पयतच घरी आला अन् दारातूनच वरडला, "माय, फिट!"

आता चतुराबाईले इंग्रजी काय ठाऊक? तिले वाटलं, राशनचं कारड भेटते, वावराचा पट्टा भेटते, तशी सरकारातून फिट नावाची काई वस्तू भेटत असन. निंगाली माउली गल्लीत पेढे वाटत. "माह्या डोमाले फिट भेटली वं माय! लहानसहान नाई, मोठ्या डॉक्टरनं देली, सरकारी फिट!" वाटता वाटता बस स्टँडपावतर गेली. तठी अचलपूरची माणिकबाई गाडीत चढून राहिली होती. तिच्याबी हातावर पेढा ठेवला अन् खिडकीतून वरडून तेच सांगतलं.

गाडी सुरू झाली तवा डोमाजीले फिट भेटली होती. परतवाड्याले पोचली तवा त्याले फिट आली होती. अचलपूरच्या चावडीपावतर तं पोट्टा भर रस्त्यात पडला होता, तोंडाले फेस होता, चार मानसं त्याले दाबून बसली होती, अन् माय खुशीनं पेढे वाटत होती. पेढ्याचं कोनाले नवल नाई वाटलं, पाहा!

शेषरावचा निरोप आला: लग्न मोडलं.

चतुराबाई रडून रडून म्हने, "काहून बाप्पा? फिट भेटली म्हनून का मोडलं?" अन् डोमाजी माह्या दुकानात येऊन नुसता बसे. जेवन सोडलं त्यानं. एक दिवस म्हने, "नत्थूभाऊ, ललिता नाई तं हे नोकरी घेऊन मी काय करू?" मी टेप काढला अन् म्हनलं, "उभा राय. लग्नाच्या कोटाचं माप घेतो. लग्न होनार म्हंजे होनार." त्याच दिवशी माप घेतलं. हे ध्यानात ठेवा, पुढं कामात येईन.

मंग मी खुशालराव मास्तराले धरलं. रिटायर मानूस, जलमभर इंग्रजी शिकवलं. मी म्हनलं, "गुरुजी, तुमी फक्त येवढंच सांगा का फिट म्हंजे धडधाकट." ते म्हने, "अवश्य." माहीच अक्कल गहान होती. मास्तराले शब्दाचा अर्थ इचारू नाई, आगीच्या बंब्याले घोटभर पानी मांगू नाई.

मी, मास्तर अन् डोमाजी, आमी तिघं यष्टीनं अचलपूरले गेलो. शेषरावच्या ओसरीत शेजारपाजारचे जमलेलेच होते. मास्तर घसा साफ करून सुरू झाले.

"मंडळी, फिट हा एक शब्द नसून एकाच चेहऱ्याचे अनेक शब्द आहेत. फिट म्हणजे योग्य. फिट म्हणजे निरोगी. फिट म्हणजे अंगाबरोबर बसणारे. फिट करणे म्हणजे जोडणे, त्यावरून फिटर."

मी मनात म्हनलं, वा! अठीच थांबा. पन थांबतीन तं मास्तर कसले.

"आता झटका या अर्थाचा फिट पाहू. त्याचे मूळ अतिप्राचीन. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ झगडा, संघर्ष. शिवाय तसाच आणखी एक शब्द होता, त्याचा अर्थ गीताचा एक खंड. आणि योग्य या अर्थाचा फिट नेमका कुठून आला, याबद्दल पंडितांत एकमत नाही. एके काळी फिट म्हणजे आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी, समबळ भिडू, असाही एक अर्थ होता. आता तो कोणी वापरत नाही."

आपल्याकडे कर्ज फिटते, डोळ्याचं पारनं फिटते, हेबी त्याईनं जोडलं, अन् वरून म्हने का त्याचा अन् याचा काई संबंध नाई. मंग सांगतलं कायले, गुरुजी? एक ना धड, भाराभर चिंध्या! मी टेलर हावो, चिंध्या मले कळतात.

शेषराव सारं ऐकून उभा राहला. "म्हंजे पोट्टा बिमार हाय, वरून भांडखोर हाय, अन् गानंबी म्हनते? अन् कुठून आला हे पंडिताईलेबी ठाऊक नाई? नाई जमत!"

डोमाजी खाली मान घालून गप. मी त्याले कोपरानं डिवचलं, तं बेटा अजूनच खाली पाहे. तेवढ्यात चुलीजवळून ललिता बाहेर आली, हाताले पीठ लागलेलं.

"गुरुजी, ते तोडीच्या भिडूचं पुन्हा एक डाव सांगा."

मास्तरानं सांगतलं. ललिता डोमाजीपुढं जाऊन उभी राहली. "तुमाले मिरगी येते का?"

"नाई," डोमाजी म्हने.

"मंग इतका वेळ तोंड काहून शिवून बसले? टेलर सोबत आनला म्हनून?"

ओसरी हसली. डोमाजीनं मान वर केली. म्हने, "तुमच्या घरात बोलाले मले भेव लागते. मशीनसोबत बोलतो मी. पन लग्न मोडू नका. मी तुमच्याशिवाय नाई राहू शकत." येवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पह्यल्यांदाच ऐकलं.

ललिता बापाकडे वळली. "मले हा फिट चालते. तोडीचा हाय का नाई ते मी पाहीन. अन् बाबा, सभेत तं तुमीच सांगता, मिरगीले भेऊ नका."

"ते सभेत!" शेषरावच्या तोंडून निंगून गेलं. शेजारी पुन्हा हसले, तसा तो चिडला. पन सभेतल्या मानसाले लोकाईपुढं माघार घेता येत नाई. लग्न पुन्हा जुळलं.

लग्न मे महिन्यात, भर दुपारी. अमरावतीचं ऊन म्हंजे तव्यावरची भाकर झाल्यासारखं होते. डोमाजीच्या अंगात माहा जाड लोकरीच्या सर्जचा कोट, गळ्यापावतर बटनं. आता इमानदारीनं सांगा, यात माही काय चूक? माप घेतलं तवा पोट्टा उपाशी होता. लग्न जुळल्यावर मायनं त्याले तूप-पोळ्या चारल्या. माप दुःखाचं होतं अन् अंग सुखाचं झालं. टेलरनं काय करावं?

वंदना झाली. हार हातात आले. डोमाजीचं तोंड लाल झालं, मंग पांढरं, अन् हार घालाच्या आतच तो मांडवात आडवा झाला.

"फिट आली!" कोनीतरी वरडलं. चतुराबाईनं छाती पिटली. अन् सगळ्यात आगुदर कोन धावला असन? शेषराव! "जोडा आना! जोडा सुंगवा!" म्हनत त्यानं सोताच्याच पायातला जोडा काढला अन् जावयाच्या नाकाले लावाले वाकला.

ललितानं त्याचा हात बाजूले सारला. खाली बसली, कोटाच्या दोन्ही बाजू धरल्या अन् वढल्या. बटनं उडाली, एक मास्तराच्या चष्म्यावर लागलं. डोमाजीच्या छातीनं भात्यासारखी हवा भरली. तिनं तोंडावर पानी मारलं, तं त्यानं डोळे उघडले.

"मी म्हनलं नव्हतं का?" शेषराव वरडला. "उठा सारे! हे लग्न होनार नाई!"

"फिट कोटाले आली बाबा, मानसाले नाई," ललिता म्हने. मंडप हसला, पन ते हसली नाई. "अन् मानसाले आली असती तं? त्याले असाच पडू देऊन घरी गेलो असतो? उद्या मले आली तं मलेबी टाकसान का तुमी?"

शेषरावच्या हातात अजून तो जोडाच होता. त्यानं जोड्याकडे पाह्यलं, पोरीकडे पाह्यलं, अन् त्याच्या डोळ्यातून पानी आलं. जोडा खाली ठेवला, पायात घातला. मंग डोमाजीच्या हातून पडलेला हार उचलला, झटकला, अन् जावयाच्या हातात देला.

"घाल बाप्पा," म्हने. "बसल्या बसल्या घाल. उठाची घाई नाई."

ललितानं मान वाकवली. डोमाजीनं खाली बसूनच हार घातला, कोट उघडा, एक बाही खांद्यापासून लोंबलेली. चतुराबाई म्हने, "डोळ्याचं पारनं फिटलं!"

शेषराव दचकला. "काय फिटलं?"