गाडी चालू हाये

पुनाराम मेश्रामांनी जन्मात दुसऱ्या कुणाला आपल्या प्लायमाउथच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता, आणि आता तीच गाडी त्यांनी विकायला काढली होती. तिरोडीच्या खाणीवरचा साहेब मुलूख सोडताना ही लांबलचक हिरवी अमेरिकन गाडी आपल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे पुनारामांच्या नावावर करून गेला. तेव्हापासून बालाघाटच्या त्यांच्या वॉर्डातल्या नवऱ्या मुली तिच्यातूनच सासरी गेल्या. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे तीच. पत्र्याला गंज नाही, सीटला भोक नाही. दगा दिला तो पुनारामांच्या डोळ्यांनी. समोरची म्हैस अगदी जवळ आल्यावर म्हैस वाटू लागली, तेव्हा शहाण्या माणसाने किल्ली खिळ्याला टांगली.

अट एकच होती. घेणाऱ्याने गाडी रस्त्यावर पळवली पाहिजे. नुसती उभी राहिली की ती संपली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मोबाइलवरची जाहिरात नात मयुरीने लिहिली. आबाजी म्हणाले, "लिही, गाडी एकदम चालू हाये." हिंदी शाळेत शिकलेल्या पोरीने घाईघाईत 'हाये'चं 'है' केलं आणि 'चालू' तसंच राहू दिलं. झालं! हिंदीत एकदम चालू म्हणजे पक्की लबाड. अर्ध्या गावाने फोन करून विचारलं, "चाचा, किसके साथ भागी थी?"

"याच्यात हासाले काय झालं?" पुनाराम फणफणले.

खरं गिऱ्हाईक एकच आलं, एक हॉटेलवाला. त्याने टेप लावून लांबी मोजली आणि खूश होऊन म्हणाला, "लॉबी में खड़ी करेंगे. इंजन निकाल देंगे, फर्श पर तेल नहीं टपकेगा."

 संध्याकाळी सांगतो म्हणून पुनारामांनी त्याला वाटेला लावलं.

"देऊन टाका न, आबाजी," मयुरी म्हणाली. "दुसरं कोन येऊन राह्यलं?"

दुपारी गोंदियाहून एका बाईचा फोन आला. नाव आम्रपाली. लग्नाच्या गाड्या भाड्याने द्यायची, स्वतः चालवायची. "काकाजी, चालू हाये मंजे सुरू होते ना?"

"हौ," पुनाराम म्हणाले, आणि त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून ठेवली.

ती बसने आली. किल्ली घेतली, पहिल्याच झटक्यात गाडी सुरू केली. पुनाराम सवयीने पुढे बसायला निघाले, तर तिने खाली उतरून मागचं दार उघडलं. "मागं बसा, काकाजी. आज तुमी सवारी."

ती सीट त्यांनी रोज पुसली होती, पण तिच्यावर कधी बसले नव्हते. ते कडेला अंग चोरून टेकले. पहिल्या वळणाला त्यांच्या उजव्या पायाने खालचा गालिचा दाबला. बाईने त्याआधीच ब्रेक लावला होता. राजेगाव येईतो पाठ सीटला टेकली, आणि परतताना तर त्यांनी खिडकीबाहेर कोपर काढलं.

दारात मयुरी वाट पाहत होती. "कशी हाये बाई, आबाजी?"

"एकदम चालू हाये," पुनाराम म्हणाले, आणि आम्रपालीसकट तिघंही हसत सुटले.

मग ते मयुरीला म्हणाले, "हॉटेलवाल्याले फोन कर. म्हन, गाडी विकली." आणि खाली न उतरता त्यांनी आम्रपालीला वैनगंगेच्या पुलापर्यंत आणखी एक चक्कर मारायला लावली.