डॉक्टरकाकांनी सोडलेली दारू

डॉक्टरकाका माणसांशी बोलताना अडखळायचे, बैलांशी बोलताना कधीच नाही. हसनाबादच्या गुरांच्या दवाखान्यात ते डॉक्टर होते आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. आलेल्या शेतकऱ्याला "क... क... काय झालं?" एवढं विचारतानासुद्धा त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. पण बैलाच्या मानेवर हात ठेवला की सगळं सुरळीत. "काय रे राजा, कवापासून खाईना तू? दाखव बरं जीभ. आरं, मी काय लगेच सुई घेऊन आलो का?" मग बैलाचा मालकच बैलाच्या वतीनं उत्तरं द्यायचा.

संध्याकाळी मात्र ते माणसांशीही मोकळं बोलत. ओसरीवर बसून त्यांच्या सुमनला आणि मला गावोगावच्या गुरांच्या गोष्टी सांगत, मध्येच म्हशीसारखे हंबरत. त्यामागचं कारण काकूंनी एकदा माझ्या आईला सांगितलं, "दोन घोट पोटात गेले की ह्यांची जीभ सुटती. मंग मी बी काही म्हणत न्हाई." नवरा दोन शब्द धड बोलतो याचंच त्या बाईला अप्रूप होतं.

एका माजलेल्या गोऱ्ह्यानं त्यांच्या कमरेत लाथ घातली, त्यानंतर सगळं बदललं. कितीतरी आठवडे ते अंथरुणावर होते. उठले, पण दुखणं राहिलं. झोप येईना म्हणून झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यापाठोपाठ खोकल्याचं औषध. त्यांना खोकताना कुणी पाहिलं नव्हतं, तरी ती लाल औषधाची बाटली शर्टाच्या खिशात कायम असायची. माझ्या वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "त्... त्यात अफूच्या जातीचं औषध असतं, मास्तर. कमरेला बराबर लागू पडतं. मी डॉक्टर हाये ना, किती घ्यायचं ते मला कळतं." बाटली, गोळी आणि संध्याकाळचे दोन घोट. दोनाचे किती झाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एके दिवशी एका शेतकऱ्याची गाय अडली. काका गेले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसेच गाईच्या पाठीवर डोकं टेकून झोपले. शेतकऱ्याला वाटलं, डॉक्टर अंदाज घेऊन राह्यले. हलवून जागं केलं तोवर वासरू गेलं होतं. शेतकऱ्यानं हात धुवायला पाणी आणून दिलं आणि काकांना घरापर्यंत पोचवलं.

काकांनी अंगणात येऊन सगळ्या बाटल्या दगडावर फोडल्या, गोळ्या चुलीत टाकल्या. "आजपासून तिन्ही बंद. बिलकुल बंद," ते अजिबात न अडखळता म्हणाले. काकू रडल्या, हसल्या. आईनं त्यांच्या हातावर साखर ठेवली. सगळ्या गल्लीला वाटलं, संकट टळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना एकसारख्या जांभया येऊ लागल्या. नाक-डोळे गळत होते, अंगावर काटा उभा राहत होता, पोट बिघडलं होतं. शेजारीपाजारी म्हणत, "विष बाहेर पडून राह्यलंय, पडू द्या." त्याच्या पुढच्या सकाळी घामानं गादी भिजली आणि हात इतके कापायला लागले की पाण्याचा पेला तोंडाला लागेना. मग ते चादर झटकायला लागले. "मुंग्या! लाल मुंग्या! सुमे, काढ ना!" चादर स्वच्छ होती. सुमन खोट्या मुंग्या वेचत राहिली. आणि अचानक काकांचं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं, डोळे वर गेले, तोंडातून फेस आला. दारात उभ्या असलेल्या मला आधी कळलंच नाही की ही फीट आहे. दारू पिऊन माणूस मरतो हे आम्हाला ठाऊक होतं. सोडून मरतो, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

जीपनं त्यांना औरंगाबादला नेलं. वाटेत आणखी एक फीट आली. मोठ्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण काकूंवर कडाडली, "एकदम बंद करायला कुणी सांगितलं?"

काकू म्हणाल्या, "समद्यांनी."

ती काकूंजवळ येऊन बसली. मग तिनं समजावून सांगितलं : दारू आणि झोपेच्या गोळ्यांची सवय झालेला मेंदू, त्या अचानक तोडल्या की असा पेटून उठतो, जीव जाऊ शकतो. हे दवाखान्यात, औषधाखाली, हळूहळू उतरवायचं असतं.

काका वाचले. परतले तेव्हा हडकले होते, पण नजर निवळलेली होती. पुन्हा अडखळत बोलायला लागले आणि आता गाव थांबून ऐकायला लागलं. कुणाच्या घरी बाटलीवरून भांडण असलं की हे जाऊन बसायचे. "स्... सोड. पण एकटा सोडू नको. कासरा एकदम तोडला की बैल उधळतो. चल, मी येतो संगं दवाखान्यात." आमच्या गल्लीतल्या शिंप्याला त्यांनी स्वतः एसटीत बसवून नेलं. तो शिंपी पुढं म्हातारा होऊन गेला.

नंतर सुमनचं लग्न ठरलं. मी तेव्हा जालन्याला कॉलेजात होते, लग्नासाठी घरी आले होते. मांडवात काका दोन दिवस उभेच होते. कंबर पुन्हा धरली. सुमनची पाठवणी झाली आणि हा माणूस गोठ्यात जाऊन बराच वेळ बसला. परगावचा कुणी पाहुणा म्हणाला असेल, आज तरी घ्या. कुणी म्हटलं, ते कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर काका आतल्या खोलीत खाटेवर पडले. काकू, आई आणि मी ओसरीवर आहेराच्या साड्या घड्या करत होतो. आतून मोठ्यानं घोरणं ऐकू यायला लागलं. खोल, घरघरणारं, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारं. काकूंचा चेहरा किती दिवसांनी सैल झाला होता. त्यांनी उठून रेडिओ बंद केला. "हळू बोला गं. पोरीच्या काळजीनं महिनाभर डोळ्याला डोळा न्हाई त्यांच्या. झोपू द्या."

आम्ही कुजबुजत बोलत राहिलो. घोरणं थांबलं ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

चहा घेऊन काकू आत गेल्या आणि कप फुटल्याचा आवाज आला. काकांचे ओठ जांभळे पडले होते. खाटेखाली लाल औषधाची रिकामी बाटली, गोळ्यांची फाडलेली पट्टी आणि तळाशी थेंबभर दारू असलेला पेला.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते दारातच बसले आणि वडिलांना म्हणाले, "पूर्वी जेवढं घेत होते तेवढंच घेतलं असणार, मास्तर. पण अंगाची सवय मोडली होती. आणि ही तिन्ही एकत्र आली की माणसालाच नाही, श्वासालाही झोपवतात. ती घरघर झोपेची नव्हती."

घडी घातलेली एक साडी काकूंनी उलगडली, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडली. सुमनला निरोप पोचला तेव्हा तिच्या हातावरची मेंदी ओलसर वाटावी इतकी ताजी होती.

आता माझ्या लग्नालाही बरीच वर्षं झाली. माझे यजमान दारूला शिवत नाहीत, साधी डोकेदुखीची गोळीही घेत नाहीत. तरी दुपारी जेवून ते घोरायला लागले की माझं हातातल्या कामावरून लक्ष उडतं. मी जाऊन त्यांचा खांदा हलवते. ते वैतागतात, "काय आहे?" मी म्हणते, "काही नाही, बोला काहीतरी." ते चिडून दोन शब्द बोलतात, कूस बदलतात. मग मी त्यांना झोपू देते.