वरच्या बाणाचं बटण

ऑफिसात त्यांना सगळे गवंडी म्हणत. कारण साधं. बाकीचे बाराजण दिवसभर आपापला कोड लिहिणार आणि सकाळी त्या सगळ्या विटा एकत्र करून भिंत उभी करणार हे. बिल्ड म्हणतात त्याला. काळ्या पडद्यावर एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं, की पुढचं सगळं मशीन आपोआप करतं: कोड गोळा करणं, जुळवणं, शेकडो चाचण्या घेणं आणि शेवटी तयार प्रोग्रॅम औषधांच्या दुकानांना पाठवणं. गोळ्यांच्या पाकिटावर ‘सकाळी एक, रात्री अर्धी’ अशी चिठ्ठी असते ना, ती छापणारा प्रोग्रॅम. एखादी चाचणी नापास झाली की पडदा लाल, बिल्ड बंद, आणि ज्याने घोटाळा केला त्याच्या डोक्यावर दिवसभर लाल लोकरी टोपी. साहेबांच्या डोक्यावरही एकदा चढली होती ती.

चाचण्या लिहायची चाळणी. सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोरगी, पण तिच्या हातून खडा सुटणं कठीण, म्हणून हे नाव. ती गवंड्यांना काका म्हणायची, आपल्या डब्यातलं त्यांना वाढायची आणि वर ऐकवायची, “काका, तुम्ही म्हणजे आयतोबा. एक एंटर मारता आणि दिवसभर चहा पिता!”

आता खोटं कशाला बोला, होतेच ते जरा आयतोबा. रोज तीच लांबलचक ओळ कोण टाइप करत बसणार? वरच्या बाणाचं बटण दाबलं की कालचा हुकूम जसाच्या तसा पडद्यावर हजर. बाण, एंटर, चहा. नऊ वर्षं त्यांचा हाच नेम.

घात झाला तो त्यांच्या मुलीच्या पोहण्याच्या शर्यतीच्या दिवशी. शर्यत अकराची आणि नुसत्या चाचण्यांनाच चाळीस मिनिटं. बायकोचे दोन फोन येऊन गेलेले. गवंड्यांनी हुकुमाच्या शेपटाला दोन शब्द जोडले, चाचण्या वगळ अशा अर्थाचे. म्हटलं, आजच्या दिवस. मुलगी तिसरी आली, घरी आनंदीआनंद. दुसऱ्या दिवशी सकाळी बाण, एंटर, चहा. त्या बाणाला काय माहीत आजच्या दिवस म्हणजे काय ते! त्याने आपला कालचा हुकूम आणून दिला, शेपटासकट. परवाही दिला, तेरवाही दिला.

अठ्ठेचाळीस मिनिटांचं बिल्ड आठ मिनिटांत व्हायला लागलं. नऊ वर्षं मुरलेल्या माणसाला शंका यायला नको? आली होती की! पण त्याच आठवड्यात नवं मशीन आलं होतं, आणि साहेब भर बैठकीत म्हणाले, “गवंड्यांनी काय मशीन लावलंय, वा!” टाळ्या पडल्या. शंका गिळायला माणसाला एवढं पुरतं. टोपी खुंटीवर धूळ खात होती. चाळणी म्हणाली, “काय हो काका, सगळे एकदम शहाणे झाले की काय?” गवंडीही तिच्याबरोबर हसले.

तेविसाव्या दिवशी साहेबांना फोन आला. कुणाच्या तरी नव्या बदलामुळे चिठ्ठीवर ‘अर्धी’च्या जागी ‘एक’ छापून गेलं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रक्तदाबाची आख्खी गोळी घेतली, चक्कर येऊन बाथरूममध्ये पडले, मनगट मोडलं. जीवावरचं मनगटावर निभावलं, एवढंच.

साहेब सगळ्यांदेखत चाळणीवर कडाडले. “चाचण्या तुझ्या ना? मग हे सुटलं कसं?”

“सर, अर्ध्या गोळीची चाचणी मी लिहिली होती.”

“मग ती काय झोपली होती? शुक्रवार तुझा शेवटचा दिवस. आणि हे निस्तरेपर्यंत बिल्ड बंद!”

ती सरळ गवंड्यांच्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले. “काका, माझ्या मशीनवर ती चाचणी ही चूक पकडतेय. तुमच्या बिल्डमध्ये ती धावते का, एवढंच बघून सांगा.”

गवंड्यांनी बाण दाबला. ओळ आली. शेपटावरचे दोन शब्द त्यांनी वाचले. पडदा तिला दिसणार नाही असा थोडा वळवून ते म्हणाले, “धावते गं. सगळं ठीक दिसतंय.”

“म्हणजे मीच काहीतरी चुकीचं लिहिलंय,” ती म्हणाली. “उगाच तुमच्यावर शंका घेतली. माफ करा हं, काका.”

तो मंगळवार. घरी गेले तर भिंतीवर मुलीचं कांस्यपदक. त्याच्याकडे बघवेना. बायकोने विचारलं, “अंगात कणकण आहे का?” तर उगाच तिच्यावर खेकसले. नोकरी गेली तर या वयात कोण ठेवणार, हे खरंच होतं. पण पोरीने माफी मागितली होती हो! ती माफी घशाखाली उतरत नव्हती. बुधवारीही नाही.

गुरुवारी सकाळी चाळणीने एक वही त्यांच्यापुढे ठेवली. प्रत्येक चाचणी कशासाठी आहे ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. “माझ्या जागी कोणी येईल, त्यांना द्या. माझ्यासारखी चूक नको व्हायला.”

गवंडी उठले. साहेबांना बोलावलं, सगळ्यांना आपल्या खुर्चीमागे उभं केलं आणि बाण दाबला. “हे शेवटचे दोन शब्द वाचा. तेवीस दिवस एकही चाचणी धावलेली नाही. चूक हिची नाही, माझी आहे.” मग खुंटीवरची टोपी झटकून त्यांनी स्वतःच डोक्यावर चढवली.

चाळणी पुढे आली. “मंगळवारी मी विचारलं, तेव्हा दिसलं होतं तुम्हाला?”

“हो.”

तिने त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली आणि परत खुंटीला अडकवली. “ही चुकीसाठी असते,” ती म्हणाली.

चाळणी राहिली. गवंडीही राहिले, साहेबांनी दरडावून का होईना, ठेवलं. आता ते बाणाला हात लावत नाहीत. रोज सकाळी आख्खी ओळ एकेक अक्षर दाबून टाइप करतात. ती मागे उभी राहून ती वाचते, शेवटापर्यंत, आणि मगच म्हणते, “बरोबर आहे. चालू करा, सर.”