तळघरावरचं शेवाळ

गेल्या जुलैत अकुलिनाताई आमच्या सहकारी संस्थेच्या कचेरीत आली आणि टेबलापुढे उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"प्रोकोपी, तुमच्या विजेच्या फ्रीजरात एका माशापुरती जागा होईल?"

मी इथला हिशेबनीस, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. ताईनं काही मागायची ही पहिलीच वेळ. एरवी जनरेटर बिघडला की संस्थेचे मासे तिच्या तळघरात जायचे. तिच्या वडिलांनी नदीकाठच्या उतारात, कधीच न वितळणाऱ्या जमिनीत, पहारीनं फोडून केलेलं ते तळघर. शिडीनं खाली उतरलं की ऐन उन्हाळ्यातही भिंतींवर हिमाचे काटे. तिच्यासह तीन घरांचं हिवाळ्याचं मांस-मासे त्यात असायचं. त्या जूनमध्ये भिंतींतून पाणी सुटलं, छत बसलं आणि तिन्ही घरांनी नासलेलं मांस कुत्र्यांपुढे टाकलं.

"हल्ली उन्हाळेच तसले," मी म्हणालो.

"व्लासही तेच म्हणतो. पुढच्या महिन्यात येतोय तो, साहेबांना घेऊन. घरात गोठलेला मासा नको?"

व्लास तिचा भाचा. भाऊ नदीत बुडाला, वहिनी दुसरं लग्न करून गेली, आणि बोबडं बोलणारं ते पोर ताईच्या पदरात आलं. स्वतः ती तंबूत जन्मलेली. रेनडियरांचा कळप पुढे निघाला की तिची आई मुलांना मागे ठेवायची. चुलीची जागा करायला कापून काढलेले शेवाळाचे तुकडे जागच्या जागी, हिरवी बाजू वर करून बसवल्याशिवाय कुणी निघायचं नाही. आम्हा एवेन लोकांत जमीन उघडी टाकून जात नाहीत. ताईनं पोराला हेच शिकवलं, आणि रेनडियरच्या कातड्याचे बूट शिवून शिवून त्याला शहरात पाठवलं.

शिकून तो परतला तो संशोधन करणाऱ्या मंडळींबरोबर. टुंड्रात ठिकठिकाणी जमिनीत नळ्या पुरल्या होत्या: जाड शेवाळाखाली, खुरट्या बर्चच्या झुडपांखाली, दगडफुलाखाली. आतल्या तापमापकांचे आकडे बारा महिने कुणीतरी बघून कळवायला हवे होते. व्लासनं आत्याचं नाव सुचवलं. हिमवादळ असो वा डास, ताई फेरी चुकवायची नाही.

दुकानदार लुका तिला चिडवायचा. "काय ताई, जमिनीचा ताप उतरला का?"

"तिचा उतरेल रे. तुझ्या दुकानातल्या भावांचा कधी उतरतोय ते सांग!"

चार उन्हाळ्यांपूर्वी व्लास तिच्या चुलीपाशी बसून म्हणाला होता, "आत्या, उतारावरचं थोडं शेवाळ काढायचंय. या खोलीएवढं."

"तळघराच्या डोक्यावर?"

"जरा बाजूला. जमीन उघडी पडली की किती तापते ते बघायचं. थंडी पडायच्या आत परत लावू."

"नक्की?"

"तुझ्या हातचं खाऊन मोठा झालो मी. तुला फसवीन का?"

ताईनं स्वतः कोयता घेऊन तुकडे कापले. सावलीत, हिरवी बाजू वर करून नीट रचले, जिवंत राहावेत म्हणून त्यांवर पाणी शिंपडत राहिली. थंडी आली, व्लास आला नाही. फोनवर म्हणाला, "आणखी एक वर्ष, आत्या. आकडे कच्चे आहेत." पुढच्या वर्षीही तेच. रचलेले तुकडे वाळून भुसा झाले. उघड्या जागेतल्या नळीचा आकडा चढतोय हे ताईलाही दिसत होतं. पण व्लास म्हणायचा, ऊब तळघरापर्यंत काही येत नाही, आणि आपल्या पोराच्या शब्दावर शंका घ्यायची सवय तिला नव्हती.

ऑगस्टमध्ये पाहुणे आले. बोट संस्थेची होती, म्हणून मलाही जेवायला बोलावलं होतं. ताईनं फ्रीजरातला तो एकुलता मासा नेला होता. तो उभा धरून ती सुरीनं कच्चेच, गोठलेले पातळ काप काढत होती. घरी आलेल्याला असे काप दिल्याशिवाय आमच्यात जेवण सुरू होत नाही.

व्लासचा साहेब, त्या संशोधनाचा प्रमुख, भला माणूस. भारावून म्हणाला, "आजी, तुमचे आभार कसे मानू? लोक हातभर जमीन द्यायला कुरकुर करतात. तुम्ही घरचं तळघर दिलंत!"

ताईची सुरी थांबली. "मी दिलं?"

"तयार खड्डा मिळाला म्हणून तर बर्फ कसा सुटत जातो ते आम्हाला आतून बघता आलं. तळघर जाणार हे व्लासनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. म्हणाला, आत्याला सगळं सांगितलंय, तिची हरकत नाही."

व्लास कपातल्या चहाकडे बघत राहिला. साहेबाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं, त्यानं उगाच खिडकीबाहेर नजर वळवली.

ताईनं उरलेला मासा कापून संपवला. एक ताटली साहेबापुढे ठेवली, एक माझ्यापुढे. मग फळीवरचा दुकानातल्या माशाचा डबा काढून व्लासपुढे ठेवला. बंदच.

"आत्या, मी तुला सांगणारच होतो..."

"तळघर होतं तेव्हा सांगायचंस. जेव."

साहेबानं एक काप तोंडात घातला आणि तो तसाच धरून बसला. मला माझी ताटली ना पुढे ओढवेना ना मागे सारवेना.

दुसऱ्या दिवशी ताई उतारावर होती. इथून एक, तिथून एक असे शेवाळाचे तुकडे आणून त्या उघड्या जागेवर बसवत होती. तळघर यानं परत यायचं नव्हतं, ते तिलाही ठाऊक होतं. मी शेवाळाची पाटी धरून मागे होतो. व्लास धावत वर आला.

"आत्या, काय करतेस? या जागेची अजून दोन वर्षं राहिलीत! माझं सगळं काम यावर आहे."

ताईनं मान वर केली नाही. "पाय काढ. शेवाळाच्या कडेवर उभा आहेस."

त्यानं पाय काढला.

फेरी तिनं सोडलेली नाही. जमिनीनं काय वाकडं केलंय, म्हणते. आकडे मात्र ती मला सांगते आणि फोन मी लावतो. व्लास ते लिहून घेतो आणि दर वेळी विचारतो, "काका, आत्या आणखी काही म्हणाली?"

"नाही," मी म्हणतो, आणि पुढच्या नळीचा आकडा सांगतो.