दुसऱ्याच्या नावचं पत्र

आमच्या ख्रिस्ती घरची रीत अशी, की सोयरीक जमली की साखर-नारळाच्या ताटात शुभवर्तमानाची, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राची, एक छोटी प्रत ठेवायची. आईने ठेवली, सासूबाईंनी ठेवली, आणि लेकीच्या साखरपुड्याला माझ्याही हाताने ती सवयीने ठेवली. ताट दिलं मुलाच्या, बाळकुमच्या कोळी घरात, जिथे भिंतभर देव्हारा आहे. हे माझ्या डोक्यात शिरलं परतीच्या रिक्षात.

"आई, त्यांना वाटेल आपण बाटवायला आलोय!" लेक रडायचीच बाकी होती.

मी तिच्यावरच खेकसले. चूक माझी असली की माझा आवाज चढतो, असं नवरा म्हणतो. मुलाचे वडील दोन दिवसांत लग्नाची तारीख कळवणार होते. आठ दिवस झाले, फोन नाही. मुलगा लेकीला एवढंच सांगे, की बाबा ते पुस्तक घेऊन बसलेत, तारखेचा विषयच काढत नाहीत. माझ्या एका सवयीपायी पोरीचं लग्न मोडणार होतं.

नवव्या दिवशी मी एकटीच गेले. टॉवरांच्या मागे त्यांचं बैठं घर. ओट्यावर मुलाचे वडील जाळं दुरुस्त करत बसले होते. शेजारी पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी माफी पाठ करून गेले होते, पण तेच आधी बोलले.

"मॅडम, चूक झाली. ते पत्र मी वाचलं."

"कुठलं पत्र?"

"हेच. सुरुवातीलाच कुणा मोठ्या साहेबाला लिहिलंय ना? माझ्या नावचं नव्हतं, ताटात चुकून आलेलं असणार. पण सोडवेना. सगळं वाचून काढलं. आता कुठल्या तोंडाने परत देऊ, म्हणून फोन नाय केला."

मला एकदम हसूच फुटलं. चर्चमधल्या रविवारच्या वर्गात मी मुलांकडून हेच घोकून घेते: चारांपैकी हे तिसरं शुभवर्तमान एका प्रतिष्ठित माणसासाठी लिहिलं, त्याने जे ऐकलं होतं त्याची त्याला खात्री पटावी म्हणून. पण ते वाचून कुणी संकोचेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

"नाव एकाचं असलं तरी ते सगळ्यांनी वाचायचं," मी म्हणाले. "आणि धर्म बदलायला नाही हो दिलं. आमची रीत आहे."

"त्याची भीती नव्हती. मला तो लिहिणारा आवडला. ज्यांनी बघितलं त्यांना विचारून मग लिहिलं. आम्हीपण तुमच्या मुलीची अशीच चौकशी केलेली, तुमच्या वॉचमनपासून."

एरवी मी भडकले असते. "मग काय कळलं?"

"पोरगी गुणाची. आई तापट, पण मनाने साफ."

आठ दिवसांचं ओझं तिथेच उतरलं. त्यांच्या बायकोने चहा आणला, आणि कितीतरी दिवसांनी मला चहाची चव लागली.

"बरं, त्या साहेबाने उत्तर काय दिलं?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच माहीत नाही."

"एवढी खटपट करून लिहिलं, आणि उत्तर नाय?" त्यांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी आतून कॅलेंडर मागवलं, मांडीवर पसरलं.

"बोला विहीणबाई, कुठली तारीख धरायची? तुम्हाला तरी उत्तर मिळू दे."