घाबरलेला माणूस दोनदा विचारतो

वॉर्डमधून सिस्टरचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या हॉस्पिटलात चहा पीत होते. "नातेवाइकांना बोलावून घे," ती म्हणाली. हे वाक्य नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की सवयीनं विचारलं, "कोणाच्या?" ती म्हणाली, "आपल्या अक्कांच्या."

अक्कांचं पित्ताशयाचं साधं ऑपरेशन. नीट पार पडलं होतं, घरी जायच्या गोष्टी चालल्या होत्या. रक्ताची गुठळी फुफ्फुसात अडकली आणि सगळं आटोपलं. अक्कांच्या यजमानांना, नानांना, ते मीच सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही.

सुमनअक्का आधी धुळ्यात एका दवाखान्याच्या चौकशी खिडकीवर बसायच्या. जळगावला आल्या तेव्हा डॉक्टर एक सांगायचे, वॉर्ड दुसरं, विम्याचं टेबल तिसरंच, आणि नातेवाईक बिचारे जिने चढून-उतरून अर्धमेले. प्रत्येक पेशंटसाठी सगळ्यांशी बोलणारं एकच माणूस हवं, असं म्हणत त्यांनी मालकांकडून दोन मुली मदतीला मागून घेतल्या. त्यातून आमची पेशंट केअर कोऑर्डिनेशनची टीम उभी राहिली आणि अक्का तिच्या हेड झाल्या. "नाव सोनूबाई," त्या हसायच्या, "आणि काम निरोप सांगायचं."

धीट बाई अशी त्यांची ख्याती. साफ चूक. एकदा पारोळ्याकडच्या एका बाईला ऑपरेशनला न्यायचं होतं. "उपाशी आहे ना?" आम्ही विचारलं. "हो, उपासच शे," सासू म्हणाली. स्ट्रेचर निघालं, तशा अक्का आडव्या आल्या. "उपासले काय खादं?"

"काही नही व माय, भगर ना शेंगदाणानी आमटी."

भुलीत ती भगर उलटून श्वासात गेली असती तर… अक्का पाणी प्यायला बसल्या तेव्हा पेला दातांवर वाजत होता. त्या दिवसापासून 'उपाशी' हा शब्द आम्हाला बंद. पोटात पाण्याचा थेंबही नको, असंच सांगायचं. "घाबरलेला माणूस दोनदा विचारतो," त्या म्हणाल्या. "मी रोज घाबरते. तुम्हीही घाबरा."

आता त्यांच्या जागी मला नेमलंय. लोक अभिनंदन करतात आणि मला सकाळी घास उतरत नाही.

गेल्या महिन्यात सातपुड्याच्या पायथ्याचे एक आबा बायकोला घेऊन आले. तेच पित्ताशयाचं ऑपरेशन. मागं त्यांच्या मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी अक्का होत्या. संमतीचा कागद पुढं केला तर म्हणाले, "अक्का कोठे शे? ती सांगी, मंगच सही करसू."

खरं सांगितलं तर आबा बायकोला उठवून घरी नेणार, आणि पित्ताशय घरी फुटलं तर ती जगायची नाही. रजेवर आहेत म्हणावं… जीभ तशी वळतच होती. पण खोट्यावर घेतलेली सही कसली सही?

"आबा, अक्का वारल्या," मी म्हणाले. "याच ऑपरेशननंतर. आमच्याच इथं." मग गुठळी म्हणजे काय, डॉक्टर आता काय काळजी घेणार, सगळं सांगितलं. आबांनी एकदा बायकोकडं पाहिलं आणि मला विचारलं,

"तुले भीती वाटस?"

"वाटते, आबा."

त्यांनी सही केली. थिएटरचं दार लागलं, मी निघाले, तर त्यांनी बाकावर आपल्या शेजारी हात थोपटला. "आठे बठ. अक्का आठेच बठे, दार उघडे तोवर."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं, अक्का जेवायला गेल्या.

आबांची बायको बरी होऊन घरी गेली. माझी भीती मात्र गेली नाही. आता कुणासाठीही ते दार लागलं की मी त्या बाकावर जाऊन बसते. ऑफिसात कुणी विचारलं तर मुली सांगतात, ताई जेवायला गेल्यात.