नदीकडे पाठ

माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षं पुलाच्या खांबावरची नदीची पातळी वाचली. दर तासाला आकडा वहीत लिहायचा, हीच नोकरी. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. म्हणून त्यांच्या वाढदिवसाला नदीकाठच्या थाई फ्यूजन हॉटेलात गेलो, तेव्हा मी मुद्दाम त्यांना नदीकडे पाठ करून बसवलं. तरी येताना ते कठड्यापाशी थांबलेच होते.

तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून नारळाच्या दुधाचं सूप वर आलं. बाबा दोन चमचे घेऊन उठायला लागले.

“बसा हो! आज तरी नदीला सुट्टी द्या,” मी वैतागले. नवऱ्याने टेबलाखालून मला पाय मारला. बाबा बसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. नूडल्स गार झाल्या.

शेवटी त्यांनी वेटरला बोलावलं. “पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या किती दिसतात, जरा मोजता?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वेटर हसत कठड्यापाशी जाऊन आला. “सात, काका.”

बाबांनी रुमालाची घडी घालून ठेवली.

“आम्ही आलो तेव्हा अकरा होत्या. आधी स्वयंपाकघरातल्या माणसांना वर बोलवा.”